पहिल्या पानावरून गायब झाल्यावर

भारतातली सर्वांत कुरूप भाषा कोणती, असा इंग्रजी प्रश्न जून २०२१ मध्ये कुणीतरी गुगलला विचारला. उत्तर दुव्यांच्या यादीत आलं नाही. ते सगळ्यांच्या वर, चौकटीत, ठळक अक्षरांत आलं: कन्नड. स्क्रीनशॉट बेंगळुरूभर फिरले आणि काही तासांतच संतापाचा डोंब उसळला. कन्नड आणि संस्कृती खात्याचे तेव्हाचे मंत्री अरविंद लिंबावळी यांनी कंपनीला कायदेशीर नोटीस पाठवण्याचं जाहीर केलं. गुगलनं ते उत्तर काढलं आणि माफी मागितली.

गदारोळात एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. ते उत्तर गुगलनं उचललं होतं एका आर्थिक साइटवरून. अनेक कर्जं एकत्र करून फेडायची कशी, हा त्या साइटचा विषय. तिथे भारतातल्या भाषांवर लिहिण्याचं प्रयोजनच काय? लोक काय शोधतात ते पाहायचं आणि त्या शब्दांभोवती पान उभं करून गर्दी ओढायची, याखेरीज दुसरं कारण सापडत नाही. असं पान एका अख्ख्या भाषेच्या वर जाऊन बसू शकतं, म्हणूनच गुगल आपले नियम पुन्हा पुन्हा बदलतं. आणि नियम बदलले की एखाद्या सकाळी भलत्याच कुणाची, कधी कधी नेकीनं काम करणाऱ्याची, साइट पहिल्या पानावरून चौथ्या-पाचव्या पानावर फेकली जाते. तिथे तिला शोधत कुणीही जात नाही.

बेंगळुरूत हा प्रश्न थेट पोटापाण्याचा आहे. जाहिरातीला पैसे नसलेल्या नव्या कंपनीला पहिले ग्राहक बहुधा शोधातूनच मिळतात, आणि तेही फुकट. ते एका आठवड्यात निम्मे झाले तर कॉन्फरन्स रूममध्ये कसली शांतता पसरते, हे या शहरातल्या डिजिटल मार्केटिंगवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. ‘ट्रॅफिक पडला’ एवढे दोन शब्द पुरतात. मग सुरू होते ती धावपळ. शीर्षकं बदला, दुवे विकत घ्या, रोज पाच लेख टाका, डिझाइन नवं करा. यातल्या बऱ्याच गोष्टी मूळ दुखण्यापेक्षा महाग पडतात, कारण दुखणं काय आहे हे अजून कुणी पाहिलेलंच नसतं.

या शहराचा शोधयंत्राशी असलेला संबंध मात्र केवळ नुकसान सोसणाऱ्याचा नाही. बेंगळुरूच्या सेंट जोसेफ्स बॉईज हायस्कूलमध्ये शिकलेले दोन विद्यार्थी पुढे गुगलच्या शोधकामात फार वरच्या जागी पोचले. कृष्ण भरत यांनी गुगल न्यूज उभं केलं आणि २००४ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या संशोधन केंद्राची घडी बसवली. बेन गोम्स १९९९ मध्ये गुगलमध्ये गेले आणि २०१८ ते २०२० या काळात संपूर्ण शोध विभागाचे प्रमुख होते. भरत यांनी टोरंटो विद्यापीठाचे जॉर्ज मिहाइला यांच्याबरोबर ‘हिलटॉप’ नावाची पद्धत रचली होती. एखाद्या विषयातली जाणकार पानं आधी शोधायची आणि ती कुणाकडे बोट दाखवतात त्याला अधिक वजन द्यायचं, ही तिची कल्पना. २००३ मध्ये तिचे हक्क गुगलकडे आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, नाताळच्या खरेदीच्या तोंडावर, ‘फ्लोरिडा’ म्हणून ओळखला जाणारा बदल झाला आणि अमेरिकेतले असंख्य छोटे दुकानदार रातोरात दिसेनासे झाले. या बदलामागे हिलटॉप असावं, असा कयास तेव्हापासून बांधला जातो. क्रमवारी कोसळण्याच्या गोष्टीतलं हे पहिलं मोठं प्रकरण. त्याच्या आसपास बेंगळुरूच्या शाळेत घडलेलं एक डोकं होतं, ही गोष्ट इथल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता दुखण्याकडे. ‘घसरण’ हा एकच शब्द निदान पाच-सहा वेगळ्या आजारांसाठी वापरला जातो आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

तपासणीची पहिली जागा म्हणजे सर्च कन्सोल. गुगल ते साइटच्या मालकाला फुकट देतं. त्यातल्या आलेखावर क्लिकची रेघ निळी, इंप्रेशनची, म्हणजे पान निकालांत किती वेळा दिसलं त्याची, जांभळी आणि सरासरी स्थानाची नारिंगी असते. या तीन रेघा एकमेकींशी ताडून पाहिल्या की निम्मं निदान होतं. तिन्ही एकदम खाली आल्या, तर क्रमवारी खरोखरच गेली. इंप्रेशन आणि स्थान जागच्या जागी आणि फक्त निळी रेघ बुडाली, तर पान तिथेच आहे पण लोक त्यावर टिचकी मारत नाहीत. शोधपानावर वर दुसरंच काहीतरी येऊन बसलं आहे. घसरण फक्त मोबाइलवर दिसते की संगणकावरही? सगळ्या देशांत की एकाच? पूर्ण साइटवर की एकाच विभागात? कंपनीचं नाव टाकून येणारे लोक टिकून आहेत आणि विषय शोधत येणारेच गेले, असं तर नाही ना? आलेख कड्यावरून पडल्यासारखा एका दिवसात पडला आहे की उतारावरून घरंगळत? कडा दिसला तर बहुधा कुणाच्या तरी हातून काहीतरी मोडलं आहे. उतार असेल तर कारणं खोलवर असतात.

काही घसरणी तर घसरणी नसतातच. सप्टेंबर २०२५ मध्ये जगभरातल्या अनेक साइटचे इंप्रेशन अचानक कोसळले आणि गंमत म्हणजे त्याच वेळी सरासरी स्थान सुधारलं. झालं होतं ते असं: एका फटक्यात शंभर निकाल मागवण्याची सोय गुगलनं बंद केली होती. क्रमवारी मोजणारी सॉफ्टवेअरं ती सोय वापरत आणि त्यांची यांत्रिक नजरही इंप्रेशन म्हणून मोजली जात होती. यंत्रं थांबली, आकडा पडला. वाचक एकही कमी झाला नव्हता. ऋतुमानाचंही तसंच. आयकर विवरणपत्राची मुदत सरली की बेंगळुरूतल्या करविषयक साइटवरची गर्दी ओसरणारच, पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागून गेला की निकालाची पानं ओस पडणारच. अशा वेळी मागच्या महिन्याशी तुलना करण्यात अर्थ नसतो, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी करावी लागते. आणि कधी कधी नव्या डिझाइनमध्ये मोजणीचा कोडच टाकायचा राहून गेलेला असतो. हे सगळं तपासायला एक दुपार पुरते, पण घाबरलेला माणूस ती एक दुपारही स्वतःला देत नाही.

स्वतःच्या हातानं ओढवलेल्या घसरणी हा सर्वांत मोठा आणि सर्वांत बरा होणारा गट आहे. बहुतेक साइटच्या मुळाशी रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. शोधयंत्राचा रोबो आत येण्याआधी ती वाचतो. त्यात ‘डिसअलाउ’ या शब्दापुढे काहीच लिहिलेलं नसेल तर सगळी साइट त्याला मोकळी. त्याच जागी एकच तिरकी रेघ असेल तर सगळी साइट बंद. नवी साइट बनत असताना डेव्हलपर ती रेघ मुद्दाम टाकतात, अर्धवट काम गुगलला दिसू नये म्हणून. मग एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी स्टेजिंगवरचं, म्हणजे चाचणीच्या प्रतीवरचं, सगळं लाइव्ह होतं आणि त्यात ती रेघही जाते. साइट उघडते, बटणं चालतात, कुणाला काही कळत नाही. एका अक्षरानं हजारो पानांना कुलूप लागलेलं असतं.

भारतातल्या, विशेषतः पैशांचे व्यवहार करणाऱ्या साइटना आणखी एक खास दुखणं होतं. सुरक्षेसाठी परदेशातून येणारी रहदारी अडवली जाते. पण गुगलचा रोबो मुख्यतः अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. पहारेकऱ्यानं पोस्टमनलाच फाटकावर थांबवावं, तसं होतं. सर्व्हरच्या नोंदवहीत रोबोच्या नावापुढे ‘४०३’ हा प्रवेश नाकारल्याचा आकडा ओळीनं दिसला की कोडं सुटतं. सर्व्हर वारंवार कोलमडत असेल तर त्याच जागी ‘५००’च्या घरातले आकडे दिसतात. मार्केटिंगचा विभाग सहसा ही नोंदवही उघडत नाही आणि ज्या विभागाकडे ती असते त्याला क्रमवारी पडल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. या शहरात ते दोन विभाग अनेकदा एकाच मजल्यावर बसतात.

पत्ता बदलताना होणारी पडझड याच जातीची. जुनं पान नव्या पत्त्यावर नेलं तर जुन्या दारावर कायमची पाटी लावावी लागते. तांत्रिक भाषेत ‘३०१ रीडायरेक्ट’. ती निदान वर्षभर ठेवा, असं गुगल सांगतं. हजार पानांच्या हजार वेगळ्या पाट्या लावायच्या ऐवजी सगळ्यांना एकदम मुखपृष्ठावर धाडण्याचा आळस अनेकांना नडतो.

या बाबतीत बेंगळुरूनं एक मोठा प्रयोग पाहिला आहे. मार्च २०१५ मध्ये फ्लिपकार्टनं आपली मोबाइल साइट बंद करून लोकांना ॲपकडे वळवलं. मे महिन्यात मिंत्रानं त्याहून पुढचं पाऊल टाकलं आणि संगणकावरची साइटही बंद केली. ही क्रमवारीची घसरण नव्हती. कंपनीनं स्वतः ठरवून उघड्या वेबवरून घेतलेली माघार होती. पण शोधाच्या दृष्टीनं परिणाम तोच. विषय शोधत येणाऱ्या अनोळखी ग्राहकाला उत्तर म्हणून पुढे करायला पानच उरत नाही. ज्याच्या फोनमध्ये ॲप आधीपासून आहे तो येतो. ज्यानं कधी नाव ऐकलं नाही, तो दुसऱ्या दुकानात जातो.

दोघांनाही परत यावं लागलं. फ्लिपकार्टनं नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘फ्लिपकार्ट लाइट’ आणलं, ब्राउझरमध्येच ॲपसारखं चालणारं. त्यावर येणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक टूजी जाळ्यावरून येत होते, असं गुगलनं प्रसिद्ध केलेल्या माहितीत आहे; जुन्या मोबाइल अनुभवापेक्षा लोक तिथे तिप्पट वेळ थांबू लागले. मिंत्रानं २०१६ च्या फेब्रुवारीत मोबाइल साइट आणि जूनमध्ये संगणकाची साइट पुन्हा उघडली. ट्रॅफिक परत मिळवण्याच्या सगळ्या चर्चेत हे उदाहरण मोलाचं आहे, कारण इथे कुठलीही युक्ती नव्हती. दार बंद होतं, ते उघडलं. आणि मधल्या काळात हळू फोनवर पान लवकर कसं उघडेल, याचा खरा विचार झाला.

दंडाची गोष्ट वेगळी. गुगलची माणसं स्वतः एखादी साइट पाहून तिच्यावर कारवाई करतात, तेव्हा सर्च कन्सोलच्या ‘मॅन्युअल ॲक्शन’ विभागात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीसाठी शेकडो असंबद्ध साइटवर पेरलेले दुवे न्यूयॉर्क टाइम्सनं उघडकीला आणले. ‘सॅम्सोनाइट कॅरी ऑन लगेज’ या शोधात पहिली असलेली कंपनी दोन तासांत एकाहत्तराव्या जागी गेली. २०१३ च्या नाताळला गाण्यांच्या बोलांचा अर्थ सांगणारी रॅप जीनियस ही साइट अशीच उडाली. दुवे मिळवण्यासाठी तिनं इतर लेखकांशी केलेला सौदा बाहेर आला होता. तिच्या मंडळींनी सुमारे एक लाख ७८ हजार पत्ते गोळा करून तपासले, चुकीचे दुवे काढायला लावले आणि ४ जानेवारी २०१४ ला ती परतली. दहा दिवसांत. एवढ्या लवकर सुटका सगळ्यांची होत नाही, आणि दुवे विकत घेतलेल्या बेंगळुरूतल्या एखाद्या छोट्या साइटसाठी कुणी दिवसरात्र जागून यादी करत बसत नाही. पण दंडाला एक सोय असते: गुन्हा सांगितलेला असतो, दुरुस्ती करून पुनर्विचाराचा अर्ज टाकता येतो, उत्तर येतं.

अल्गोरिदमच्या बदलात यातलं काहीच नसतं.

फेब्रुवारी २०११ मधल्या ‘पांडा’ या बदलानं अमेरिकेतल्या जवळजवळ १२ टक्के शोधांचे निकाल हलवले. नाव अस्वलावरून आलेलं नाही, नवनीत पांडा या अभियंत्यावरून आलं आहे. रोख होता उथळ, पाट्या टाकून लिहिलेल्या मजकुरावर. तेव्हाचे शोधप्रमुख अमित सिंघल यांनी त्या मे महिन्यात वीसेक प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली: या लेखातली माहिती तुम्ही विश्वासानं घ्याल का, हे विषय जाणणाऱ्यानं लिहिलं आहे का, अशा धर्तीचे. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आला, विकतच्या दुव्यांवर. त्यातून बाहेर पडण्याची वाट सर्वांत क्रूर होती. साइट स्वच्छ केली तरी गुगल पुढचा हिशेब करेपर्यंत थांबावं लागे. ऑक्टोबर २०१४ च्या हिशेबानंतर पुढचा आला सप्टेंबर २०१६ मध्ये. दोन वर्षं. तेवढ्या अवधीत छोटा धंदा बसतो, माणसं कामावरून जातात.

अलीकडचा मोठा घाव सप्टेंबर २०२३ चा. ‘उपयुक्त मजकूर’ या नावानं झालेल्या त्या बदलात अनेक स्वतंत्र, छोट्या साइट लोळवल्या गेल्या. मार्च २०२४ मध्ये तीच यंत्रणा मुख्य क्रमवारीत मिसळली गेली. तो बदल पूर्ण व्हायला ४५ दिवस लागले. घरातली हवा शुद्ध करणारी यंत्रं स्वतः तपासून लिहिणाऱ्या हाउसफ्रेश या साइटनं आपला ९१ टक्के शोध-ट्रॅफिक गेल्याचं जाहीर केलं, आणि त्यांच्या जागी यंत्राला हातही न लावता शिफारशी छापणारी मोठी नियतकालिकं कशी येऊन बसली, ते एकेका उदाहरणानं दाखवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुगलनं अशा वीसेक साइटच्या मालकांना कॅलिफोर्नियात बोलावलं. तुमच्या लिखाणात दोष नाही, असं आपल्याला तिथे सांगितलं गेलं, हे त्यांच्यातल्या काहींनी नंतर लिहिलं. दोष नाही, मग दुरुस्त काय करायचं? हाउसफ्रेश ऑगस्ट २०२४ च्या बदलानंतर काही अंशी वर आली. अनेकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

इथे स्पष्ट बोललं पाहिजे. एका खासगी कंपनीच्या क्रमवारीवर लाखो लोकांचं उत्पन्न उभं असेल आणि ती कोसळल्यावर कारण विचारायला खिडकीच नसेल, तर तो अन्याय आहे. फसवणाऱ्यांना नियम कळू नयेत हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत प्रामाणिक माणसानं किती वर्षं मोजायची याला मर्यादा हवी. अमेरिकी सरकारच्या गुगलविरुद्धच्या मक्तेदारीविरोधी खटल्यात बाहेर आलेल्या कागदांतून एक दिसलं: २०१९ मध्ये बेन गोम्स यांनीच कंपनीच्या आत चिंता व्यक्त केली होती की शोध विभाग पैशाच्या फार जवळ ओढला जातो आहे. भारतात स्पर्धा आयोगानं फेब्रुवारी २०१८ मध्ये, चेन्नईच्या मॅट्रिमनी डॉट कॉम आणि जयपूरच्या कट्स या संस्थेच्या तक्रारींवरून, गुगलला १३५ कोटी ८६ लाखांचा दंड ठोठावला. शोधपानावर स्वतःच्या सेवांना झुकतं माप दिल्याचा तो ठपका होता. तक्रारी २०१२ च्या आणि निकाल सहा वर्षांनी. ज्याची साइट आज पडली त्याला या रस्त्यानं काही मिळत नाही.

अमेरिकेतल्या त्या खटल्यात गुगलच्या पांडू नायक यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिलेली साक्ष मात्र साइटवाल्यांच्या कामाची आहे. लोक कोणत्या निकालावर जातात, कुठे रमतात, कुठून लगेच परततात, याचा हिशेब ठेवणारी ‘नॅवबूस्ट’ ही यंत्रणा त्यांनी उलगडली. ती तेरा महिन्यांचा साठा वापरते. आज पान सुधारलं आणि पुढच्या आठवड्यात आलेख वर गेला नाही, म्हणून उलटसुलट बदल करत सुटण्याआधी हा तेरा महिन्यांचा आकडा आठवावा. जुना वाईट अनुभव पुसला जायला वेळ लागतो.

सुधारणा म्हणजे नेमकं काय, हे बेंगळुरूच्याच एका नेहमीच्या दृश्यावरून कळेल. घर भाड्यानं देणाऱ्या किंवा दुरुस्तीची कामं करून देणाऱ्या साइटवर कोरमंगला, इंदिरानगर, व्हाइटफील्ड, हेब्बाळ अशा प्रत्येक वस्तीचं वेगळं पान असतं. मजकूर मात्र एकच, वस्तीचं नाव तेवढं बदललेलं. ‘हेब्बाळ हे बेंगळुरूतलं एक झपाट्यानं वाढणारं उपनगर आहे’ या वाक्यात हेब्बाळच्या जागी काहीही घालता येतं. अशी शंभर-दोनशे पानं साइटला खाली ओढतात. बरी होणारी साइट त्यातली बहुतेक पानं एकत्र करते किंवा काढून टाकते आणि उरलेल्या पंधरा-वीसांत खरं काही भरते. या गल्लीत कावेरीचं पाणी येतं की उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो? मेट्रोच्या स्थानकापर्यंत पायी किती मिनिटं? अनामत रक्कम किती महिन्यांची मागतात? पाऊस पडला की तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी साचतं का? हे लिहायला तिथे जावं लागतं. जो गेला त्याचं पान आणि जो गेला नाही त्याचं पान, यातला फरक वाचकाला दोन ओळींत कळतो. तो मागे फिरतो आणि ते मागे फिरणं मोजलं जातं.

शेअर बाजार समजावून सांगणारी झिरोधाची ‘वर्सिटी’ याच शहरात, कार्तिक रंगप्पा यांच्या हातून घडली. प्रकरणावर प्रकरण रचत नेलेला, जाहिरातीविना मोकळा ठेवलेला तो अभ्यासक्रम आहे. नवखे गुंतवणूकदार तो नावानं शोधतात. शेअर बाजारावरची लाखो पानं इंटरनेटवर असताना लोक विशिष्ट नाव टाकून यावेत, ही अल्गोरिदमच्या लहरीवरची सगळ्यांत पक्की ढाल आहे. ती विकत मिळत नाही. ‘तीस दिवसांत रँकिंग परत’ अशी हमी देणारे विकतात ते बहुधा दुवेच, आणि त्याचा शेवट वर आलाच आहे.

मराठी आणि कन्नड साइटच्या वाट्याला आणखी काही घसरणी येतात, ज्यांचा इंग्रजी सल्लागारांना पत्ताही नसतो. युनिकोड रुळण्याआधीच्या काळात भारतीय भाषांतला मजकूर आपापल्या फाँटांत कोंडलेला होता. कृतिदेव फाँटात ‘मराठी’ असं टाइप केलं की डोळ्यांना मराठी दिसे, पण संगणकाच्या पोटात ई-जे-के-बी-एच अशी इंग्रजी अक्षरांची माळ साठवली जाई. शोधयंत्राला तीच दिसायची. वर्षानुवर्षांचे लेख जालावर असूनही शोधात नव्हते. ज्यांनी हा साठा युनिकोडमध्ये आणला त्यांची पानं शोधाला प्रथमच वाचता आली. ज्यांनी आणला नाही, त्यांचा मजकूर अजूनही अंधारात आहे.

युनिकोडमध्येही सगळं सरळ नाही. ‘ॲप’ मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: २००८ मध्ये स्वतंत्रपणे दाखल झालेलं ‘ॲ’, किंवा ‘अ’ वर जोडलेला चंद्र. छापलं की दोन्ही जुळी भावंडं, आतून वेगळी. शहराचंच नाव घ्या. १ नोव्हेंबर २०१४ ला बेंगळुरू हे अधिकृत झालं, पण मराठी माणूस बंगळूर, बंगळुरू, बेंगलोर, बँगलोर यांपैकी काहीही टाइप करतो. वाचक कोणतं रूप वापरतात हे सर्च कन्सोलच्या शोधशब्दांच्या यादीत उघड दिसतं. संपादकीय धोरणानं एकच रूप ठेवावं, हे बरोबरच. पण साइटच्या मजकुरात दुसरी रूपं कुठेच नसतील तर ती यादी निदान एकदा वाचून पाहावी. इंग्रजी लेख यंत्रानं मराठीत उलथून रोज पन्नास पानं टाकण्याचा जो सोपा मार्ग अनेकांनी धरला आहे, त्यावर मार्च २०२४ च्या नियमांनी नेमकं बोट ठेवलं आहे. माणसानं न वाचता ढिगानं काढलेला मजकूर, मग तो कशानंही बनवलेला असो, कारवाईला पात्र आहे.

गुगलच्या दाराबाहेरही वाचक मिळू शकतो, याचं एक जुनं उदाहरण बेंगळुरूतच आहे आणि त्यात मराठी नावं आहेत. उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहनी यांनी २००९ मध्ये न्यूजहंट सुरू केलं. तेव्हाच्या साध्या फोनांवर देवनागरी किंवा कन्नड अक्षरं धड उमटत नसत. न्यूजहंटनं तीच अडचण सोडवली आणि प्रादेशिक वर्तमानपत्रं फोनवर पोचवली. पुढे मालकी बदलून २०१५ मध्ये त्याचं डेलीहंट झालं. या वाटेनं येणाऱ्या वाचकाला शोधपान लागतच नाही, मात्र ही वाटही दुसऱ्याच कुणाच्या मालकीची असते. त्याच शहरातल्या द न्यूज मिनिट या वृत्तसाइटनं वाचकांना सदस्य करून घेण्याचा रस्ता धरला, त्यामागे हेच भान दिसतं.

कारण आता अशी घसरण आली आहे जिच्यात क्रमवारी पडतच नाही. १५ ऑगस्ट २०२४ ला गुगलनं भारतात एआय ओव्हरव्ह्यू आणले. प्रश्नाचं तयार उत्तर सगळ्यांच्या वर येतं आणि पहिल्या क्रमांकाचं पान त्याच्याखाली बसतं. प्यू या अमेरिकी संस्थेनं मार्च २०२५ मधल्या शोधांचा अभ्यास केला. असं उत्तर वर असलं तर नेहमीच्या दुव्यावर जाण्याचं प्रमाण ८ टक्के, नसलं तर १५. उत्तराच्या आतल्या दुव्यावर जाणारे जेमतेम एक टक्का. सर्च कन्सोलमध्ये हे कसं दिसतं ते आधी आलं आहे: जांभळी रेघ जागेवर, निळी तळाला. या आजारावर दुरुस्ती नाही. ‘पॅन कार्ड हरवलं तर काय करावं’ अशा चार ओळींत संपणाऱ्या उत्तरांवर चालणारी साइट पूर्वीच्या आकड्यावर परत जाईल, असं कुणी सांगत असेल तर तो ग्राहकाला फसवतो आहे. ज्या पानासाठी कुणीतरी कोरमंगल्यात जाऊन पाण्याची चौकशी केली, ते पान यंत्राच्या उत्तरालाही आधार म्हणून लागतं. पण त्या कष्टाचा मोबदला त्याला कसा मिळणार, हा वाद अजून मिटायचा आहे. वृत्तसाइटच्या डीएनपीए या संघटनेच्या अशाच स्वरूपाच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला, तो एआयची उत्तरं येण्याच्या कितीतरी आधी.

तोवर पडलेल्या साइटच्या मालकानं पहिल्याच दिवशी करायचं एक साधं काम आहे आणि ते सगळ्यात जास्त राहून जातं. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचे आकडे ठेवतं. दर महिन्याला मागचा एक महिना गळून जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये ज्यांची साइट बसली, त्यांच्या त्या आधीच्या चांगल्या दिवसांची शेवटची नोंद जानेवारी २०२५ मध्ये पुसली गेली. ज्यांनी तेव्हाच तक्ते उतरवून आपल्याकडे ठेवले, त्यांना कोणतं पान कोणत्या शब्दावर कितव्या जागी होतं हे आजही दाखवता येतं, आणि परतलेला ट्रॅफिक किती हे त्याच तक्त्याशी ताडून पाहता येतं.